झाकणाला बांधलेलं बँडेज

अतिदक्षता विभागातली माझी दुसरी रात्र. मशीनच्या बीप बीपची कानांना सवय झाली होती. पण कचऱ्याच्या स्टीलच्या डब्याचं झाकण आपटलं, की शेजारच्या खाटेवरचे आजोबा दचकून डोळे उघडत. मग पुन्हा झोप लागायला त्यांना तासभर लागे. शेवटी नाइटच्या सिस्टरनी झाकणाच्या कडेला बँडेजची पट्टी गुंडाळली. मी बघतोय हे लक्षात आल्यावर हळूच म्हणाल्या, "मशीन बंद नाही करता येत, काका. एवढं येतं."

औषध दुखणाऱ्या जागीच लावायचं असतं, असं मी आजवर समजत होतो.

थोड्या वेळाने हातमोजे टाकायला त्यांनी पायाने डबा उघडला. झाकण पडलं. आजोबांची पापणीही हलली नाही.