ब्राउझरनं पाडलेल्या गारा

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या. एकदा सुरू झालो की मी मधे थांबत नाही, आणि मोबाईलच्या बाबतीत मी चुकलो, हे माझ्या तोंडून तुम्ही पहिल्यांदाच ऐकणार आहात. पुन्हा ऐकायला मिळेल याची खात्री नाही, तेव्हा चहा बाजूला ठेवा.

गुलबर्ग्यात आमच्या कॉलेजच्या ऑफिसात मी कारकून, आणि तिथं माझ्याइतका मोबाईल कुणाला कळत नाही. हे मीच म्हणतो, पण आजवर कुणी खोडून काढलेलं नाही. साहेबांचा फोन अडकला की माझ्याकडं येतो, शिपायाच्या फोनचा आवाज गेला की तोही माझ्याकडंच.

तर झालं काय, जुन्या ब्राउझरचा मला वीट आला होता. एक बातमी उघडावी तर चार जाहिराती अंगावर यायच्या. म्हणून मी एक नवा ब्राउझर टाकला. काय वेग, काय सफाई! जाहिरातीचं नाव नाही. शिवाय त्यात एक बटण होतं, व्हीपीएन. ते चालू केलं की आपण कुठं आहोत हे कुणालाच कळत नाही. मी म्हटलं, वा, आपल्यासारख्या माणसाला असलंच पाहिजे. आणि दिलं दाबून. कुणालाच म्हणजे खुद्द ब्राउझरलाही कळत नाही, हे तेव्हा मला कोण सांगणार?

दुसऱ्याच दिवशी बायकोला घेऊन मुडबीला गेलो. मुडबी म्हणजे माझी सासरवाडी, आणि सासरे म्हणजे माझे सख्खे मामा, धुळाप्पा. लहानपणी हाच मामा माझा कान पिळायचा. त्याची लेक केली तेव्हापासून मला अहो-जाहो करतो आणि माझा शब्द खाली पडू देत नाही. सगळा घोटाळा तिथंच झाला.

त्या दिवशी मामाकडं मेंढरांची कातरणी होती. आदल्या दिवशी सगळा कळप ओढ्यात घालून धुतलेला. पलीकडच्या गावचे कातरणारे सकाळीच येऊन कात्र्यांना धार लावत बसलेले. चुलीवर बोकडाचं मटण रटरटत होतं. आता हे नीट ऐका, कातरलेलं मेंढरू म्हणजे उघडं लेकरू. त्याच्यावर गारा पडल्या की ते टिकत नाही. मागं एकदा अशाच अवकाळी गारांनी मामाचा अर्धा कळप गेला होता. तेव्हापासून गारा हा शब्द त्या घरात कुणी उगीच काढत नाही.

तो मी काढला.

बाजेवर बसून कातरणाऱ्यांना नवा ब्राउझर दाखवत होतो. पहिल्याच पानावर हवामान. काळा ढग, ढगाखाली पांढरे ठिपके, आणि तापमान दोन अंश! ढगातून पांढरं पांढरं पडतंय, म्हणजे दुसरं काय असणार? आमच्या सात पिढ्यांनी बर्फ बघितलाय तो फक्त उसाच्या रसात.

"मामा," मी म्हणालो, "कातरणी थांबवा. आज गारा पडणार आहेत."

आभाळात ढगाचा तुकडा नव्हता. कातरणाऱ्यांतला म्हातारा तसं म्हणालासुद्धा. मी त्याच्याकडं बघून हसलो. आभाळ बघून हवामान सांगायचे दिवस गेले, आजोबा, असं त्याला समजावलं. त्यानं मान खाली घालून पुन्हा धार लावायला घेतली, कारण माझ्या हातात फोन होता आणि त्याच्या हातात कात्री.

मामाचा चेहरा मात्र पांढराफटक पडला. त्यानं पुन्हा विचारलंसुद्धा नाही. कातरणाऱ्यांना हात जोडले आणि कातरणी रद्द केली. ती मंडळी मटण-भाकरी खाऊन, पुढची पाळी पंधरा दिवसांनी मिळेल असं सांगून निघून गेली.

इथंच थांबलं असतं तर मी हा किस्सा तुम्हाला सांगितलाच नसता. पण मामा थांबेना! तो गावात निघाला. जावयाच्या फोनात गारा दिसायल्यात म्हणून घरोघर सांगत सुटला. कुणी खळ्यावरची तूर झाकली, कुणी गच्चीवरच्या शेवया गोळा केल्या. देवळाच्या भोंग्यावरून पुकारा झाला, तोवर मी कारकुनाचा साहेब झालो होतो. वरच्या गल्लीत बातमी पोचेपर्यंत मी थेट हवामान खात्यातला मोठा अधिकारी! खोटं कशाला बोलू, कानाला बरं वाटलं.

मग मामानं सगळी मेंढरं घरात घेतली. घरात म्हणजे अगदी माजघरात, माझ्या बाजेच्या चारी बाजूंना. धुतलेल्या लोकरीचा वास तुम्ही कधी घेतला नसेल तर घेऊ नका. एक कोकरू तर माझ्या मांडीवर येऊन बसलं आणि शर्टाची बाही चघळायला लागलं.

दुपार झाली. बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. मेंढरं धापा टाकत होती, मीही टाकत होतो. माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्याला शंका आली असती. मी फोन उघडला. ठिपके तसेच, आणि तापमान आता एक अंश. म्हटलं बघा, गारा जवळ आल्या!

तेवढ्यात बायको, महादेवी, मेंढरांतून वाट काढत आली आणि तिनं माझ्या हातातला फोन घेतला. चष्म्याचा कंटाळा म्हणून मी अक्षरं मोठी करून ठेवलेली, त्यामुळं पानाचा निम्मा भाग बाहेरच राहायचा. तिनं बोटानं पान बाजूला सरकवलं. तिथं गावाचं आणि देशाचं नाव होतं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि माझ्याकडं बघितलं.

"अवो, ह्ये तर जर्मनी हाय."

व्हीपीएन! मी कुठं आहे हे लपवायला त्या बटणानं मला जर्मनीत नेऊन बसवलं होतं, आणि ब्राउझर बिचारा तिथलंच हवामान दाखवत होता. ठिपके गारांचे नव्हतेच, बर्फाचे होते.

"आता अप्पाला तुमीच सांगा," महादेवी म्हणाली. "मी सांगणार न्हाई. सगळ्या गावाला तेनंच सांगितलंय."

आता मी काही कच्चा गडी नाही. वारा फिरला, गारा उदगीरकडं सरकल्या, असं सांगायचं मी मिनिटभरात ठरवून टाकलं. कोण बघायला जातंय उदगीरला! मामा छपरावर चढून आभाळ बघत होता. मला बघून खाली उतरला. घामानं ओलाचिंब. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले.

"जावईबापू, आज तुमी नसता तर माझी मेंढरं मेली असती बगा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढा विश्वास माझ्यावर माझ्या आईनंही कधी ठेवला नव्हता. उदगीर घशातच राहिलं आणि मी सगळं खरं सांगून टाकलं. बटण, जर्मनी, बर्फ, सगळं.

मामा ओसरीच्या पायरीवर बसला. मला वाटलं, आता कान पिळणार. पण तो रागावला नाही. विचारात पडला.

"म्हंजी त्या गावाला खरंच पडायलंय?"

"खरंच. एक अंशावर आलंय."

"मग तितं मेंढरं आसतील की."

असतील, मी म्हणालो, थंड मुलूख आहे.

मामाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आरं द्येवा. त्या धनगरास्नी कुनी सांगितलं का न्हाई?"

मदत करायची आपली सवय. मी लगेच फोन काढला आणि म्हणालो, थांबा मामा, बघतो कुणाला कळवता येतंय का.

मामानं घाईघाईनं माझा हात धरला.

"तुमी नगा कळवू, जावईबापू. तुमी तेंच्या फोनात मुडबीचं ऊन पाडताव, आन् ती लोकं मेंढरं कातरायला बसतेत."