बहिणीची उशी

चूक माझीच होती. चर्चमध्ये देवाच्या दारात बूट काढायला लावत नाहीत, म्हणजे तिथे पायांचं कुणाला काही वाटत नाही, असं मी धरून चाललो होतो.

नव्वद-एक्क्याण्णव साल असेल. कंपनीच्या कामासाठी इंग्लंडमध्ये रीडिंग गावी होतो. एका शनिवारी ट्रेनने सॉल्झबरीचं कॅथेड्रल, तिथलं मोठं जुनं चर्च, पाहायला गेलो. उंच कमानींकडे पाहून मान भरून आली, तेव्हा बाकावर बसलो आणि समोर फरशीवर ठेवलेल्या भरतकामाच्या उशीवर बुटांसकट पाय ठेवले.

पलीकडे एक म्हातारी बाई तशीच एक उसवलेली उशी शिवत होती. दोरा दातांनी तोडायची आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून हळूच मागे बघायची.

"पाय दमले का?" तिने विचारलं.

"फरशी फार गार आहे."

"आहेच. म्हणून तर गुडघे टेकायला या उश्या करतो आम्ही. ही तुमच्यासमोरची माझ्या बहिणीची. शेवटचं फूल राहिलं आणि ती गेली. मग ते मी भरलं."

मी पाय उचलले. निळ्या फुलावर चिखल होता.

"असू द्या," ती हसली. "तिला पाहुणे फार आवडायचे. बूट मात्र दाराशी काढायला लावायची."

मी उठून बाहेर पडलो. स्टेशनपर्यंत गेलो आणि परत फिरलो. ती ओल्या रुमालाने ते फूल पुसत होती. मी वाकून उशीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"हे काय?"

"तुमच्या बहिणीची माफी मागतोय," मी म्हणालो. "आणि तुमचीही."