आठ मात्रांची जागा

निरोप समारंभात संस्थेने मला शाल, श्रीफळ आणि एक फ्रेम केलेला फोटो दिला. मुरूमजवळच्या एका गावातल्या आमच्या वर्गातली पोरं, रांगेत उभी, हसरी. हा फोटो आमच्या कितीतरी अहवालांच्या मुखपृष्ठावर होता. खेड्यातल्या मुलांना मोफत संगीत शिकवणाऱ्या त्या संस्थेची मी वीस वर्षं प्रमुख होते. रिकामी झाल्यावर म्हटलं, यातलं काय उरलंय ते एकदा डोळ्यांनी बघावं. कुणी बोलावलं नव्हतं, हे आधीच सांगते.

पुण्याहून सोलापूर, तिथून उमरगा, मग मुरूम, सगळं एसटीनं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ नाही. मुक्काम उमरग्यात करा आणि सकाळी स्टँडजवळ गरमागरम सुशीला खा. चुरमुऱ्यांचे पोहेच म्हणा ना, वर मिरची आणि दाण्याचं कूट. मुरूमहून पुढे काळीपिवळी जीप, ती भरली की सुटते. मी पाऊण तास बसून होते. शेजारच्या आजी मराठीत सुरू केलेलं वाक्य कानडीत संपवत होत्या. शाळेत चाललेय म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुम्ही साहेब आहात का? नाही म्हणताना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला.

शाळेत महानंदा भेटली. आमच्या पहिल्या तुकडीतली, तेव्हा दहा वर्षांची. आता त्याच शाळेत खिचडी शिजवते आणि जेवणानंतर मुलांना गाणं शिकवते. आमचा वर्ग आम्ही कधीच बंद केला; हिनं तो स्वतःहून चालू ठेवला. पैसे मिळतात ते फक्त खिचडीचे. तिनं आधी मला जेवायला वाढलं, मग मुलांना उभं केलं.

मुलांनी आमचं स्वागतगीत म्हटलं. सुरात, तालात. आणि दुसऱ्या कडव्यानंतर सगळी मुलं एकदम गप्प झाली, मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघून हसली, आठ मात्रा तशीच उभी राहिली आणि पुन्हा गाऊ लागली.

ही जागा माझी. देणगीदार यायचे तेव्हा गाणाऱ्या पोरांचे फोटो हलायचे, तोंडं वेडीवाकडी यायची. म्हणून मीच सांगितलं होतं, इथं थांबायचं, समोर बघायचं, हसायचं. समोर फोटोग्राफर असायचा. आज समोर पाढ्यांचा तक्ता होता.

दुसरं काही म्हणा म्हटलं. मुलं महानंदाकडे बघू लागली. दुसरं त्यांना येत नव्हतं.

मग तीच म्हणाली, "ताई, लेकरं इचारत्यात, हितं का थांबायचं? आता तुमीच सांगा."

चाळीस डोळे माझ्यावर. मी म्हणाले, सम नीट कळावी म्हणून. इतक्या सहज म्हणाले की माझी मलाच शरम वाटली. मुलांनी माना डोलावल्या.

जीपपर्यंत ती सोडायला आली. मग म्हणाली, "त्या फोटोत म्या पहिल्या रांगेत हाय ताई. कशापायी थांबवलं व्हतं ते ठाऊक हाय मला."

मग काढून का टाकत नाहीस, असं मी विचारलं.

"तुमी एवढं एकच गाणं शिकवलं. त्यातलं बी म्या कमी करू?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "वाटलं व्हतं, आज तुमी लेकरायला खरं सांगाल."

एकच गाणं, हे खरं आहे. वर्षाला चार-पाच पाहुणे, आणि प्रत्येकाच्या आधी महिनाभर त्याच गाण्याची तालीम. राग, अलंकार, त्यांच्या आज्यांच्या ओव्या, सगळं पाहुणे गेल्यावर करायचं ठरलेलं असायचं. अहवालात मात्र सगळं होतं. तो मीच लिहायचे.

येताना सोलापुरात शेंगांची चटणी घेतली. बरी आहे, ज्याला हवी त्यानं घ्यावी.

घरी येऊन आठवडा झाला. फ्रेम अजून भिंतीशी टेकवून ठेवली आहे, खिळा ठोकवत नाही. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी महानंदा. काल चष्मा लावून एकेक चेहरा नीट पाहिला. गाण्याच्या वर्गाचा फोटो आहे, आणि त्यात एकाही पोराचं तोंड उघडं नाही.