एक्स्चेंजच्या बाईंचा रकाना

रत्नागिरीत डोळे मिटून अर्धा जिल्हा ओळखणारं एकच माणूस मी पाहिलं आहे, आणि डोळे उघडे असताना समोरचं माणूस न ओळखणारंही तेच. आमच्या ऑफिसातल्या एक्स्चेंजच्या बाई. त्यांना नाव आहे, पण ते पगाराच्या कागदापुरतं. विशीत त्या टेलिफोन एक्स्चेंजला लागल्या आणि ट्रंक कॉलच्या बोर्डावर बसल्या. एका कानात दुबईला गेलेले नवरे आणि मुंबईला गेलेले भाऊ, दुसऱ्या कानात पोस्टात फोनसमोर ताटकळलेल्या बायका, आणि मधे बाई. निवृत्त झाल्यावर चार महिने घरी बसून बघितलं, पाचव्या महिन्यात आमच्या संस्थेचा जिना चढल्या, "फोन कुठाय तुमचा?" एवढंच विचारलं आणि कामाला लागल्या. आमची संस्था गाडी घेऊन गावोगाव जाते, म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासते आणि चष्मे देते. ज्यांच्या देणग्यांवर ती गाडी चालते त्यांची यादी सांभाळणं हे माझं काम, आणि त्यांना फोन करून चष्मे कुठल्या गावात पोचले ते सांगणं बाईंचं. नाचणे रोडला एका पंख्यांच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही टेबलाला टेबल लावून बसायचो. मी कॉम्प्युटरकडे तोंड करून, त्या भिंतीकडे. भिंतीकडे का, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. म्हणाल्या, "समोर माणसं दिसली की मला ऐकायला कमी येतं."

हे काही त्या गमतीने म्हणाल्या नव्हत्या. मिरकरवाड्याला मासळी घ्यायला गेलो असताना एक गृहस्थ त्यांच्याकडे बघून हसले, मान हलवली, हातसुद्धा वर केला. बाईंनी पिशवी सावरली आणि मला कुजबुजल्या, "हा कोण गो आपल्या मागे लागलाय?" त्यांनी "बाई, मी अमुक," म्हणताच बाईंचा चेहरा असा उजळला, की विचारू नका. मग त्याच माणसाच्या गुडघ्यांची, जावयाची आणि विहिरीच्या पंपाची चौकशी वीस मिनिटं चालली. आमच्या अध्यक्षांना एकदा सर्दी झाली होती. ते "कसं काय?" म्हणत आत आले, तेव्हा बाईंनी त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीत बसवून पाणी दिलं आणि "साहेब येतीलच इतक्यात," म्हणून सांगितलं. हेच अध्यक्ष विश्वस्तांच्या सभेत लांबण लावून बोलत होते, तर कोपऱ्यातून बाईंचा शांत, खात्यातला आवाज आला, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" सभा हसली. बाईंना मात्र आपण काय बोललो ते कळलंच नाही. ट्रंक कॉलवर दर तीन मिनिटांनी विचारायचं वाक्य तोंडातून आपोआप आलं होतं.

त्यांच्या चौकस स्वभावाला बांध नव्हता, पण त्यात चहाडी अजिबात नव्हती. लोकांना दुसऱ्याचं गुपित हवं असतं. बाईंना हवं असे ते माणूस. हा गृहस्थ दर वर्षी आठवणीने देणगी का पाठवतो, कुणाच्या डोळ्यांसाठी पाठवतो, देताना त्याला बरं वाटतं की चुटपुट लागते, हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. आणि जे कळेल ते माझ्या यादीतल्या शेवटच्या रकान्यात, 'शेरा' लिहिलेल्या जागी, त्या माझ्याकडून टाइप करून घेत. बाकीच्या रकान्यांत नाव, पत्ता, पावती नंबर. शेऱ्यात असं काहीबाही: "'ठेवतो' म्हणाले की आणखी दहा मिनिटं बोलतात, घाई करू नये." "लोट्याला कारखान्यात रात्रपाळी. सकाळी फोन केल्यास पाप लागेल." "सून फोन उचलते, ते घरी नाहीत म्हणते. असतात. मागे खोकतात." "कुकरच्या शिट्ट्या मोजत असतात. तिसरी झाली की लक्ष जातं." मी टाइप करताना हसायचे आणि मनात म्हणायचे, कसला हा पसारा!

मग पुण्याहून एक तज्ज्ञ बाई आल्या. आमची यादी नव्या सॉफ्टवेअरमध्ये घालून द्यायची होती. त्या हुशार होत्या, वागायला चांगल्या होत्या, आणि शेऱ्याचा रकाना बघून त्यांना घाम फुटला. "लोकांच्या घरातल्या गोष्टी अशा लिहून ठेवता येत नाहीत हो," त्या म्हणाल्या. "त्यांना माहीत आहे का तुम्ही हे लिहिता ते?" खरं सांगायचं तर मला ते पटलं. आपला खोकला कुणाच्या यादीत जाऊन बसलाय हे कळलं तर मला तरी आवडलं असतं का? येत्या सोमवारी तो रकाना पुसायचा असं ठरलं. बाईंना सांगायचं काम माझ्यावर आलं. त्यांनी ऐकून घेतलं, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. मी कधी विचारलंच नाही कुणाला." त्या दिवशी डबा तसाच घरी गेला.

हे झालं गुरुवारी. शुक्रवारी सकाळी अकराच्या सुमाराला बाईंनी केळशीला फोन लावला. तिथे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर राहतात. बायको गेलेली, मुलगा मस्कतला, आंब्याच्या बागेत एकटं घर. आईची नजर शेवटी गेली होती म्हणून ते संस्थेला मदत करतात. माणूस मोजकं बोलणारा, त्यामुळे हा फोन दोन मिनिटांत संपायचा. त्या दिवशी मात्र बाई एकदम पुढे वाकल्या आणि त्यांनी डोळे घट्ट मिटले.

"मास्तर, काय म्हणालात? परत बोला बघू."

पलीकडून काहीतरी आलं असावं.

"गावाचं नाव सांगा तुमच्या. हां. परत सांगा." मग फोनवर हात ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा पांढरा पडला होता. "मास्तरांचा 'ळ' गेला गो. केलशी म्हणतायत. माणूस जन्मात असं बोलणार नाही. काहीतरी झालंय त्यांना. शेजारचं कोण ते बघ. मी लाइन सोडत नाही."

मी पत्ता बघितला. घराचं नाव, वाडी, तालुका दापोली. याच्यावरून कुणाला हाक मारणार? मुलाचा नंबर परदेशातला, तो लागेना. मग हात आपोआप शेवटच्या रकान्याकडे गेला. "शेजारी सलमाबाई. रोज मासळी आणून देतात, पैसे घेताना भांडतात. दाराची एक किल्ली त्यांच्याकडे. त्यांचा मोबाईल…" पुढे नंबर होता. मी माझ्या फोनवरून तो लावला. सलमाबाईंना मी कोण, कुठली, काही नीट सांगता आलं नाही. "मास्तरांकडे जा, आत्ता जा," एवढंच म्हटलं. "या अल्ला, सकाळी तर चांगले होते!" म्हणत त्या निघालेल्या मला ऐकू आल्या.

इकडे बाई बोलतच होत्या. हळू, एकसुरी, एक्स्चेंजच्या आवाजात. "मास्तर, मी आहे. लाइन चालू आहे. उठू नका. बसून राहा. सलमाबाई येतायत." अकरा मिनिटं त्या बोलत राहिल्या. मग पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला म्हणे, आणि सलमाबाईंचा ओरडा. तो मलाही ऐकू आला. त्यांच्या पुतण्याने गाडी काढली, दापोली गाठली, तिथून पुढे मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. मेंदूचा झटका होता. वेळेत आणलं म्हणून जगले, असं डॉक्टर म्हणाले. उजवा हात मात्र गेला, आणि वाचाही बरीचशी.

पुण्याच्या बाईंना मी सगळं कळवलं. त्यांनी आधी मास्तरांची तब्येत विचारली. मग म्हणाल्या, "रकाना ठेवा. पण विचारून लिहा." तेव्हापासून आमच्या बाई प्रत्येकाला विचारायला लागल्या, "हे लिहून ठेवू का हो?" बरेचसे शेरे गेले, लोकांनी हसून नको म्हटलं. खोकणाऱ्या गृहस्थांनी मात्र स्वतः फोन घेऊन सांगितलं, "लिहा, आणि सूनबाई सकाळी देवळात जाते तेव्हा करा, हेही लिहा."

मास्तर घरी आल्यावर बाईंनी रोज साडेचारला त्यांना फोन करायला सुरुवात केली. त्याला आभार वगैरे म्हणता येणार नाही. मास्तर शब्द शोधत असायचे आणि बाई वाट बघत असायच्या. एकेका शब्दाला मिनिट मिनिट जायचं. पलीकडचं मला कळायचं नाही, पण मास्तर काय म्हणायला बघतायत ते बाईंना कधीच कळलेलं असणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसायचं. तरी त्या शब्द पुरवायच्या नाहीत. मला राहवेना. "सांगून टाका ना बाई, त्यांचे हाल वाचतील." त्या म्हणाल्या, "शब्द त्यांचा आहे गो. त्यांनाच सापडूदे."

सातएक महिन्यांनी एका दुपारी बाई फोनवर अचानक लाजल्या. पासष्टीची बाई, कानाच्या पाळीपर्यंत लाल झाली! फोन ठेवून माझ्याकडे तोंड करून बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तरांनी आज अख्खं वाक्य केलं. तुम्ही दिसता कशा, म्हणाले." आणि जरा थांबून, "मी कशी दिसते गो?"

तीन वर्षं मी त्यांच्या शेजारी बसत होते. मला चष्मा सांगता आला, आंबाडा सांगता आला, पुढे काही सुचेना. मी म्हटलं, मोबाईलवर फोटो काढून पाठवूया. "नको नको," बाई म्हणाल्या. "ते आवाजावरून चित्र काढणार म्हणतायत. डाव्या हाताने शिकतायत. काढूदेत त्यांच्या मनाने."

पावसाळा संपता संपता केळशीहून पाकीट आलं. आत ड्रॉइंगचा कागद, रेषा थरथरत गेलेल्या, एक खांदा दुसऱ्यापेक्षा वर. पण मुलगी दिसत होती. मुलगीच, वीस-बावीसची, लांब मानेची, एका बाजूला पुढे घेतलेली जाड वेणी, आणि कुणीतरी बोलत असताना माणूस जसं थांबतं तशी थांबलेली. आमच्या बाईंचं त्यात काही म्हणजे काही नव्हतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी घाईने म्हटलं, "हात डावा आहे ना, हळूहळू जमेल."

बाईंनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. चष्मा काढून, पुसून, परत घातला. ज्या बाईला भर बाजारात ओळखीचा माणूस ओळखता येत नसे, ती त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत होती.

"बोर्डावर बसायचे ना मी," त्या म्हणाल्या, "तेव्हा अशीच होते म्हणायचे सगळे. मी काही कधी नीट बघितलं नाही. कामच असायचं ना गो."