सगळ्यांच्या तोंडावर एकच चेहरा

चौकातल्या सलूनवाल्याचा हात हलका होता, पण मनात गोडवा नव्हता. तोंडाने तो कुणाला वाईट बोलायचा नाही. मनातल्या मनात मात्र एकालाही सोडायचा नाही. हा फार हलतो, त्याच्या डोक्याला वास येतो, तिसऱ्याला फुकटचे सल्ले द्यायची खोड! आणि सगळ्यांवर कडी म्हणजे ‘रेडिओ’. हे पेन्शनीतले गृहस्थ खुर्चीत बसले की सुरू व्हायचे, ते मान झटकून उठेपर्यंत.

एका दुपारी रेडिओ बोलता बोलता मधेच गप्प झाले. सलूनवाल्याने आरशात पाहिलं. त्यांची उजवी नाकपुडी वर चढली होती, खालचा ओठ दाताखाली दाबलेला होता आणि डोळे बारीक झाले होते. किळस आल्यासारखा चेहरा.

“काय झालं काका? कात्री लागली का?”

“छे! कुठे काय?” म्हणत ते पुन्हा सुरू झाले.

त्यांच्यानंतर पोस्टमन बसला. त्याचंही तेच. तीच नाकपुडी, तसाच ओठ. संध्याकाळी एक बाई नातीला मांडीवर घेऊन बसली. पोरगी खिदळत होती. सलूनवाल्याने कंगवा उचलला आणि आरशात पोरीची त्याच्याशी नजरानजर झाली. तिचं हसू विझलं. त्या इवल्याशा तोंडावर सावकाश तोच चेहरा उमटला, एखाद्या आंबट म्हाताऱ्यासारखा. सलूनवाल्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

गावात कसली साथबिथ आली की काय? दुकान लवकर बंद करून तो घरी गेला. बायकोने ताट वाढलं, समोर बसली आणि मान वर केली. तोच चेहरा!

“हे काय तोंड करून बसलीयस?” तो जवळजवळ ओरडलाच.

ती दचकली. “मी? अहो, मी काहीच केलं नाही. तुम्ही आत आलात तेव्हा तुमचंच तोंड असं होतं. रोजच असतं.”

हात न धुताच तो बेसिनवरच्या आरशापाशी गेला. आरशात नेहमीचाच, साधासुधा माणूस होता. पण आरशात बघताना कोण चेहरा नीट करून घेत नाही? तो दिवसभर आरशासमोर उभा असायचा खरा, पण बघायचा गिऱ्हाइकांकडे. त्याच्याकडे बघत बसायची ती गिऱ्हाइकं.

पुढच्या वेळी रेडिओ आले तेव्हा तो दाराकडे पाठ करून वस्तरा पुसत होता. दार करकरलं. ओळखीचा खोकला ऐकू आला. चेहरा सावरायच्या आत त्याने नजर उचलली आणि आरशात स्वतःलाच गाठलं.

नाकपुडी वर चढलेली. ओठ दाबलेला.

रेडिओंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं. त्यांची बडबड ऐकून वैताग येतो, असं तो इतकी वर्षं समजत होता. इथे तर वैताग आधीच येऊन उभा होता, वाट बघत. आणि आरशातला तो माणूस त्याला आपला वाटेना. त्याने ओठ सोडला. आरशातला ओठ क्षणभर उशिराने सुटला. निदान त्याला तरी तसं वाटलं.

त्या दिवशी त्याने खुर्ची आपल्याकडे वळवली आणि रेडिओंच्या समोर उभा राहून विचारलं, “हं, काका, काय म्हणत होता तुम्ही त्या दिवशी?”

“काही नाही रे... असंच,” रेडिओ म्हणाले आणि डोळे मिटून गुपचूप बसून राहिले. उठताना मात्र हसले. त्यांचे दात एवढे पांढरे आहेत हे त्याला ठाऊकच नव्हतं.

आता दार वाजलं की तो आधी स्वतःला विचारतो, या वैतागात या माणसाचं किती आणि आपण घरूनच आणलेलं किती? उत्तर बहुतेक वेळा लाज आणणारंच निघतं. पण गिऱ्हाइकांची तोंडं हळूहळू ज्याची त्याची झाली. पोस्टमनचं तर चक्क देखणं निघालं.

बायकोही आता त्याच्यासमोर मोकळेपणी हसते. पण परवा सकाळी त्याला लवकर जाग आली. खिडकीतून उजाडत होतं, ती शांत झोपली होती. तिची उजवी नाकपुडी वर चढलेली होती आणि ओठ दाताखाली घट्ट धरलेला होता. त्याने बोटाने तो अलगद सोडवला. बोट काढताच ओठ आपोआप परत आत गेला. ती जागी होईपर्यंत तो तसाच बघत बसला.