अक्काच्या इस्त्रीचं गिऱ्हाईक

काचेचा कारखाना बंद पडल्याची बातमी आली तेव्हा अक्का एका शर्टाची कॉलर दाबत होती. कोळशाच्या इस्त्रीपाशी उभं राहून तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं.

"आपल्याला काय त्याचं? मी कुठे काच ओतते?" ती धाकट्या जावेला म्हणाली. दीर गेल्यापासून धाकटी तिच्याकडे घड्या घालायची, कपडे पोचवायची. तिचं आणि तिच्या मुलीचं त्यावरच भागत होतं.

आधी कारखान्यातल्या बाबूंचे शर्ट थांबले. पगारच नाही, तर कडक कॉलर दाखवायची कोणाला? मग समोरच्या शिंप्याकडे कोणी कापड टाकेना, आणि त्याच्याकडून इस्त्रीला येणारे नवे कपडेही बंद झाले. "मी तर त्या कारखान्याचं फाटकही पाहिलं नाही," शिंपी कपाळाला हात लावून म्हणाला.

अक्कानं टाळता येईल तितकं टाळलं. शेवटी मान खाली घालूनच बोलली, "उद्यापासून येऊ नकोस गं. दोघींपुरतं काम उरलं नाही."

धाकटीनं हातातल्या साडीची घडी पुरी केली. "बरं," एवढंच म्हणाली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं अक्काला वाटलं.

काही आठवड्यांनी शिकवणीच्या बाई आल्या. वर्षानुवर्षं त्यांच्या सुती साड्या अक्काकडेच यायच्या. "अक्का, आता घरीच करीन म्हणते. मुलं गळायला लागलीत. परवा तुमच्या जावेनंही लेकीला काढून घेतलं."

अक्काचा हात जागीच थांबला. इस्त्रीखालची बाईंची साडी करपल्याचा वास आला तेव्हा तिनं दचकून इस्त्री उचलली. "जावेला कामावरून मीच काढलं होतं, बाई," ती म्हणाली. बाईंनी करपलेली साडी पिशवीत घातली.

अक्का इस्त्री तशीच टाकून धाकटीच्या खोलीवर गेली. "चल परत. अर्धं अर्धं खाऊ."

"कशातलं अर्धं, अक्का?" धाकटी गाठोडं बांधत होती. दूरच्या भावाकडे निघाली होती. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती.

आता टेबलापाशी अक्का एकटीच असते. कोळसा टोपलीभर घ्यायची, तो ओंजळभर घेते. कोळसेवाला कुरकुर करत नाही. त्यानं हातगाडी विकायला काढली आहे.