गेलेले दिवस

एकोणीसशे साठच्या सुमारास जर्मनीत, कार्ल्सरूहेला मला दिवस गेले आणि पाण्याचा घोटही पोटात टिकेना. हे दिवसभर लॅबमध्ये, त्यामुळे डॉक्टरांकडे इंजेक्शनला मी एकटीच ट्रामने जायची. त्या ट्रामची कंडक्टर पन्नाशीची, थोराड बाई होती. तिकीट फाडण्याआधी ती अंगठा जिभेला लावायची. तेवढं बघूनही मला ढवळायचं.

एकदा तिच्या बुटांवरच उलटी झाली. ब्रेक लावताना रुळांवर टाकायला ठेवलेली वाळू आणून तिने आधी फरशीवर टाकली, मग बूट पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी आजारी नाही, हे सांगायला शब्द सुचेनात, तेव्हा सरळ मराठीचंच जर्मन केलं: "माइने टागे झिंड वेग." माझे दिवस गेलेत.

काहीतरी वेड्यासारखं बोलून बसले, असं वाटलं. पण तिकडेही बायका पाळीला 'दिवस'च म्हणतात! तिने माझ्या पोटाकडे पाहिलं, दाराजवळच्या एका हॅटवाल्या साहेबाला उठवलं आणि मला तिथे बसवलं.

"दी कॉमेन वीडर," ती म्हणाली. येतात ते परत.

गेलेले दिवस परत येतात, हे मला मराठीत कोणी सांगितलंच नव्हतं.